आधी रक्त तपासा, गुळाचं मग बघू

प्रश्न : माझे मिस्टर ३९ वर्षांचे आहेत. ठाणे-बेलापूर रोडवरच्या एका पेट्रोल पंपावर बारा वर्षं नोझलवर काम करतात. सकाळची पाळी असली की टँकर खाली करणं आणि डिप घेणं (जमिनीखालच्या टाकीत पट्टी सोडून साठा मोजणं) हेही त्यांच्याकडेच असतं. आम्ही घणसोलीला राहतो, गाव जावळीकडचं. गणपतीत मंडळानं आरोग्य शिबिर ठेवलं होतं. त्यात यांची उपाशीपोटी साखर ११८ आली. नंतर लॅबमध्ये केलं तर ट्रायग्लिसराइड (रक्तातली चरबी) २४६ आणि एसजीपीटी (यकृताची तपासणी) ७१. पोट सुटलंय. दारूला शिवत नाहीत, तंबाखू आहे. घरात कोणालाच शुगर नाही. डॉक्टर म्हणाले, भात बंद करा, चालायला जा. पंपावरचे एक जुने काका म्हणतात, हे सगळं पेट्रोलच्या वासामुळे, मलाही असंच झालं. दीर म्हणतात, नोकरी सोड आणि रिक्षा घे. ड्युटीवरून आले की यांचं डोकं दुखतं, बहुतेक रोज गोळी घेतात. वास उतरावा म्हणून सासूबाईंनी गूळ खायला सांगितलाय, त्या गावाहून ढेप पाठवतात आणि हे रोज मोठा खडा खातात. आमची तीन वर्षांची मुलगी ते दारात आले की अंगावर झेपावते, तेव्हा कपड्यांचा वास मला लांबून येतो. पेट्रोलमुळे शुगर होते का? यांनी नोकरी सोडावी का? – एक वाचक, घणसोली

उत्तर :

ताई, तुमच्या घरात डॉक्टर, काका, दीर आणि सासूबाई अशी चार मतं फिरतायत आणि चौघंही साखरेबद्दलच बोलतायत. मला तुमच्या पत्रात वेगळीच गोष्ट खटकली. बारा वर्षं पेट्रोलच्या वाफेत उभ्या असलेल्या माणसाची साखर झाली, चरबी झाली, यकृताची तपासणी झाली, पण साधी सीबीसी झालेली नाही. हिमोग्लोबिन, पांढऱ्या पेशी, प्लेटलेट मोजणारी ती दोन-तीनशे रुपयांची तपासणी. त्यांच्या कामाशी सगळ्यात थेट नातं याच तपासणीचं आहे. म्हणून सुरुवात तिथून करते.

पेट्रोलमध्ये बेंझीन नावाचं द्रव्य असतं. एप्रिल २०२० पासून देशभर बीएस-६ इंधन आलं. त्याच्या मानकानुसार पेट्रोलमध्ये बेंझीन आकारमानाने जास्तीत जास्त १ टक्का चालतं. ऐकायला थोडं वाटतं, पण ते चटकन उडतं आणि श्वासातून सहज रक्तात जातं. तिथून यकृतात. यकृत ते फोडून लघवीवाटे बाहेर टाकायला बघतं आणि त्या फोडाफोडीत तयार होणारे काही तुकडे हाडांच्या मगजाला, म्हणजे जिथे रक्तपेशी तयार होतात त्या जागेला, त्रास देतात. बेंझीन जास्त आणि दीर्घकाळ गेलं तर पेशी कमी होतात आणि क्वचित रक्ताचा कर्करोगही होतो. यात शंका उरलेली नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेनं बेंझीनला कधीचंच पहिल्या गटात, म्हणजे माणसात कर्करोग करतं हे सिद्ध झालेल्या गटात टाकलेलं आहे. २०२५ मध्ये मोटारीचं पेट्रोलही त्याच गटात गेलं. आपल्याकडे नुकसानभरपाईच्या कायद्यात कामामुळे होणाऱ्या आजारांची जी यादी आहे, तिच्यातही बेंझीनमुळे होणारे आजार आहेत.

हे वाचून रात्रीची झोप घालवू नका. गट म्हणजे पुरावा किती पक्का, एवढंच. कोणाला किती धोका, हे छातीत किती वाफ जाते आणि किती वर्षं जाते यावर ठरतं. पंपावर काम करणाऱ्या बहुतेकांना हा आजार होत नाही. पण सीबीसी करून ठेवायला एवढं कारण पुरे. एका रिपोर्टपेक्षा दर वर्षीचे रिपोर्ट एकाखाली एक ठेवून बघण्यात जास्त अर्थ आहे, कारण पांढऱ्या पेशी किंवा प्लेटलेट हळूहळू उतरत असतील तर ते तसंच दिसतं. मध्येच हिरड्यांतून रक्त येणं, न लागता अंगावर काळेनिळे डाग उठणं, ताप पुन्हा पुन्हा येणं असं काही झालं, तर मात्र वर्षाची वाट बघायची नाही.

आता तुमचा मूळ प्रश्न. पेट्रोलमुळे शुगर होते का?

काकांचं म्हणणं अगदीच हवेतलं नाही. उंदरांना बेंझीनच्या वाफेत ठेवलं तेव्हा त्यांच्यात इन्सुलिनचा परिणाम मंदावलेला दिसला. इन्सुलिन असतं, पण पेशी त्याचं ऐकत नाहीत. माणसांमध्येही ज्यांच्या लघवीत बेंझीनच्या खुणा जास्त, त्यांच्यात ही अवस्था जास्त दिसल्याचे अभ्यास आहेत. पंपावरच्या कामगारांच्या काही लहान पाहण्यांत यकृताचे आकडे आणि चरबी बिघडलेली आढळली आहे. बेंझीन फोडताना यकृतावर जो ताण येतो, त्यातून सूज आणि सुजेतून इन्सुलिनची अडवणूक, असा मार्ग सांगितला जातो. तो पटण्यासारखा आहे.

पण पंपावरचा माणूस फक्त वाफ घेत नाही. तो पाळ्यांनी जागतो, आठ-आठ तास उभा असतो पण चालत नाही, जेवणाची वेळ गिऱ्हाइकांवर ठरते, दिवसाला सहा कटिंग होतात, तंबाखू असते. यातलं प्रत्येक कारण एकट्यानंही साखर वाढवू शकतं. त्या पाहण्यांत वाफेचा वाटा यातून नीट वेगळा काढलेला नसतो. शिवाय माणसांची एकदाच तपासणी झालेली असते, त्यामुळे आधी काय आणि नंतर काय हे कळत नाही. म्हणून माझं मत असं : पेट्रोलचा हातभार असू शकतो, पण सगळं पेट्रोलवर ढकलण्याइतका पुरावा आज नाही. आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीनुसार भारतात सुमारे १०.१ कोटी लोकांना मधुमेह आहे आणि आणखी १३.६ कोटी उंबरठ्यावर आहेत. त्यातल्या बहुतेकांनी कधी नोझल हातात धरलेलं नाही. ‘घरात कोणाला नाही’ यावरही फार विसंबू नका. मागच्या पिढीतल्या किती जणांची साखर कधी तपासली होती?

११८ म्हणजे मधुमेह नव्हे. उपाशीपोटी १०० ते १२५ ही उंबरठ्याची पायरी, १२६ आणि वर दोनदा आली की मधुमेह. शिबिरात बोट टोचून केलेली तपासणी पक्की धरायची नाही. लॅबमध्ये शिरेतून रक्त देऊन उपाशीपोटीची साखर पुन्हा करा आणि सोबत तीन महिन्यांची सरासरी सांगणारी एचबीएवनसी करा. ५.७ ते ६.४ उंबरठा, ६.५ पासून पुढे मधुमेह. इथेही सीबीसी आडवी येते. एचबीएवनसी हिमोग्लोबिनवरूनच मोजतात. रक्त कमी असेल तर तो आकडा चुकू शकतो, खरा असतो त्यापेक्षा कमी किंवा जास्त येऊ शकतो. दोन्ही तपासण्या एकाच दिवशी करून घ्या, म्हणजे डॉक्टरांना ताडून बघता येईल. कंबरही मोजा, बेंबीच्या रेषेत, पोट आत न ओढता. आपल्याकडच्या पुरुषांत ९० सेंटीमीटरच्या वर गेलं की पोटावरची चरबी त्रास द्यायला लागली असं धरतात.

एसजीपीटी ७१, ट्रायग्लिसराइड २४६ आणि सुटलेलं पोट हे त्रिकूट बहुतेक वेळा यकृतात चरबी साठल्याचं असतं. दारू न पिणाऱ्यांनाही ते होतं. पोटाची सोनोग्राफी आणि कावीळ बी व सी या दोन तपासण्या केल्या की चित्र स्पष्ट होईल. दारूला शिवत नाहीत हे फार चांगलं, एरवीपेक्षाही चांगलं. यकृतातलं जे विकर (एन्झाइम) बेंझीन फोडतं, तेच दारूनं वाढतं. त्यामुळे पिणाऱ्या कामगाराच्या अंगात तीच वाफ जास्त विषारी ठरू शकते. डोकेदुखीची गोळी कोणती ते डॉक्टरांना पाकिटासकट दाखवा. ती पॅरासिटामॉल असेल तर तिचा निचराही यकृतातूनच होतो आणि एसजीपीटी वाढलेलं असताना ती रोज सवयीनं घेणं बरं नाही. मुळात ड्युटीनंतर रोज डोकं दुखतं, म्हणजे त्या दिवशी वाफ जास्त गेली, असं समजून चाला. सुट्टीच्या दिवशी दुखत नसेल तर आणखीच.

सासूबाईंना दुखवायचं नाही, पण गुळाचं सांगावंच लागेल. पन्नास ग्रॅमचा खडा म्हणजे जवळजवळ नऊ-दहा चमचे साखर. गुळानं वाफ उतरत नाही. बेंझीनचा काही भाग उच्छ्वासावाटे परत जातो, काही यकृत फोडतं, आणि त्याचा बराचसा हिशेब साधारण दोन दिवसांत लघवीवाटे संपतो. त्यासाठी गूळ नको, हळदीचं दूध नको, आणि बाजारात मिळणारी ‘शरीरशुद्धी’ची पावडर तर मुळीच नको. गिरण्यांपासून सिमेंटच्या गोदामांपर्यंत सगळीकडे ही गुळाची रीत आहे आणि ती मायेनं चालत आलेली आहे, हे मला कळतं. सासूबाईंना सांगा, ढेप पाठवा, मुलीला आणि आम्हाला पुरणपोळीला लागेलच. यांच्या डब्यात मात्र त्याऐवजी मूठभर फुटाणे किंवा शेंगदाणे.

भात पूर्ण बंद करा हे मला फारसं पटत नाही. जावळीचा माणूस भाताशिवाय किती दिवस राहील? एक वाटी भात, त्यावर दोन वाट्या उसळ किंवा आमटी, आणि आधी काकडी-गाजर. हे टिकतं. पंपावरचा चहा दिवसाला दोनवर आणा, बिनसाखरेचा जमला तर उत्तमच. नाइट असेल तर मुख्य जेवण कामावर जायच्या आधी, रात्री एक-दोन वाजताचा डबा नको. त्या वेळेला शरीर साखर नीट उचलत नाही, तोच वडापाव दुपारी जेवढी साखर चढवतो त्यापेक्षा रात्री जास्त चढवतो. भूक लागली तर ताक, फुटाणे, उकडलेलं अंडं. आणि जेवणानंतर पंधरा मिनिटं चालणं, भले पंपाच्या मागच्या रस्त्यावर का असेना.

आता वाफ कुठे कमी करता येईल ते बघू. मला वाटतं इथे तुमच्या हातात बरंच आहे.

टाकीत एक लिटर पेट्रोल गेलं की तेवढीच वाफ टाकीतून बाहेर ढकलली जाते. दुचाकीची टाकी उघडी, त्यात किती भरलं हे डोकावून बघण्याची सवय, त्यामुळे ती वाफ थेट नाकात. एक हात लांब उभं राहायचं, वारा आपल्या पाठीकडून येईल अशा बाजूला, आणि टाकीत नव्हे तर मशीनच्या आकड्याकडे बघायचं. ऑटो-कट झाल्यावर, म्हणजे टाकी भरून नोझल आपोआप बंद पडल्यावर, ‘राउंड फिगर कर ना’ म्हणणारं गिऱ्हाईक प्रत्येक पंपावर असतं. नोझल एकदा असं बंद पडलं की पुढचा प्रत्येक थेंब भरलेल्या टाकीवर पडतो, सांडतो, उडतो. तिथेच थांबायचं. पन्नास पैशांसाठी बारा वर्षांत किती वाफ गेली असेल याचा हिशेब गिऱ्हाईक करत नाही.

सगळ्यात जास्त वाफ मात्र सकाळीच जाते. टँकर खाली होताना, डिपचं झाकण उघडताना, डेन्सिटीसाठी जारमध्ये पेट्रोल काढताना, पाच लिटरचं माप भरून परत ओतताना. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते, खाली बसते, आणि हे काम वाकूनच केलं जातं. झाकण उघडलं की लगेच वाकू नका, थोडं बाजूला होऊन मग. एकाच माणसाला रोज हे काम नको. चौघांत वाटून घेतलं तर प्रत्येकाच्या वाट्याला चौथा हिस्सा येतो. मालकाला यात एक रुपयाही लागत नाही, त्यामुळे हे मागायला सोपं आहे. एकट्यानं नव्हे, त्या काकांसकट तिघा-चौघांनी मिळून मागा. पंपावर सीएनजी किंवा डिझेलचं आयलंड (मशीनचा ओटा) वेगळं असेल तर महिन्यातले काही दिवस तिथे ड्युटी मिळावी, हेही त्यातच. सीएनजी भरताना बेंझीनची ही वाफ नसते, आणि डिझेल पेट्रोलच्या मानानं फार कमी उडतं.

काही नोझलवर वाफ परत ओढून घेणारी सोय असते. मोठी विक्री असलेल्या नव्या पंपांना ती बसवायची, असं केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या जानेवारी २०२० च्या सूचनांत आहे. तुमच्या मिस्टरांच्या पंपावर ती बसवलेली असेल तर चालू आहे का हे विचारा. दुचाकीच्या उघड्या टाकीवर तिचा उपयोग कमीच. कापडी मास्क आणि एन-९५ धूळ अडवतात, वाफ अडवत नाहीत. रुमाल बांधला की वास कमी येतो एवढंच, आणि वास कमी आला म्हणजे वाफ कमी गेली असं नसतं.

हात. ग्रीस काढायला पेट्रोलनं हात धुणं आजपासून बंद, कारण ते कातडीतूनही आत जातं. साबण आणि पाणी. आणि तंबाखू! तळहातावर चुना टाकून मळायची, त्याच हातानं गालात धरायची, आणि तो तळहात दिवसभर नोझलवर. तंबाखू सुटली तर सोन्याहून पिवळं, पण ती सुटेपर्यंत निदान हात धुतल्याशिवाय मळायची नाही. डबाही मशीनच्या शेजारी नको, ऑफिसात किंवा मागच्या बाजूला.

मुलीसाठी एवढं करा. गणवेश पंपावरच बदलून यायचा, पिशवीत बांधून. ते जमत नसेल तर दारातच बदलायचा, हातपाय धुवायचे, मग मुलगी. तिला दोन मिनिटं रडू द्या. गणवेशावर पेट्रोल सांडलेलं असेल तर आधी बाहेर मोकळ्या हवेत वाळू द्या, गॅसजवळ किंवा बंद मोरीत ठेवू नका, आणि मुलीच्या कपड्यांत न मिसळता वेगळा धुवा.

नोकरी. दिरांचा सल्ला प्रेमाचा आहे, पण रिक्षात दिवसभर बसून राहणं, धुरात अडकणं आणि डोक्यावर कर्जाचा हप्ता यानं साखर उतरणार नाही. पोट तर वाढेलच. आज लगेच नोकरी सोडावी असं तुमच्या पत्रातल्या आकड्यांत काहीच नाही. सीबीसीत पेशी कमी निघाल्या आणि डॉक्टरांना दुसरं कारण सापडलं नाही, तर मात्र नोझल आणि डिप तेव्हाच सोडायचं. पंपावरच कॅश किंवा ऑफिसचं काम मिळतं का ते आधी बघायचं, नाही मिळालं तर दुसरी नोकरी. त्या वेळी रिक्षेचा विचार करायला माझी हरकत नाही.

खर्चाचं म्हणाल तर पगाराची स्लिप काढून बघा. पंपावर दहा किंवा जास्त माणसं असतील आणि पगार महिन्याला २१,००० रुपयांपर्यंत असेल तर ईएसआय, म्हणजे कामगार राज्य विमा योजना, लागू व्हायला हवी. कामगाराच्या पगारातून ०.७५ टक्के जातात, मालक ३.२५ टक्के भरतो. कपात होत असेल तर विमा क्रमांक घेऊन ठरवून दिलेल्या दवाखान्यात जा. ठाण्यात वागळे इस्टेटला कामगार विमा रुग्णालय आहे. या सगळ्या तपासण्या, आणि तुम्हा मायलेकींचे उपचारसुद्धा, त्यात बसतात. स्लिपच मिळत नसेल तर ती मागणंही त्या तिघा-चौघांच्या यादीत घाला.

लघवीतली बेंझीनची खूण मोजणारी तपासणी कोणी सुचवली तर खिशातून पैसे घालू नका. ती पाळी संपताच घ्यावी लागते, सिगारेटनं आणि काही टिकाऊ खाद्यपदार्थांनीही तो आकडा हलतो, आणि एका माणसाच्या एका आकड्यावरून उपचार बदलत नाहीत.

दवाखान्यात डॉक्टरांना एका माणसामागे चार-पाच मिनिटं मिळतात. ‘काय काम करता?’ हे त्यांनी विचारलं नाही तर आपण सांगायचं. यांना बोलायला संकोच वाटत असेल तर ही चिठ्ठी केसपेपरला टाचून द्या :

‘वय ३९. बारा वर्षं पेट्रोल पंपावर नोझलचं काम, सकाळी टँकर आणि डिप. पेट्रोलच्या वाफेचा रोजचा संपर्क. ड्युटीनंतर डोकेदुखी, बहुतेक रोज गोळी (पाकीट सोबत). तंबाखू आहे, दारू नाही. उपाशीपोटी साखर ११८, ट्रायग्लिसराइड २४६, एसजीपीटी ७१. सीबीसी आजवर झालेली नाही, कृपया करावी.’